जीफोर्ट्रान अपग्रेड केल्यावर पावसाचे आकडे का बदलतात

पीक मॉडेल चालवणाऱ्याला किंवा पाणलोटाचा हिशोब करणाऱ्याला फोर्ट्रान ही जुनी प्रोग्रामिंग भाषा सुटत नाही. डीएसएसएटी हे पीक मॉडेल फोर्ट्रानमध्ये आहे, स्वॅट हे पाणलोटाचं मॉडेल फोर्ट्रानमध्ये आहे, आणि हवामान खात्याच्या ग्रिड फाइली वाचायला आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रामही बहुतेक वेळा फोर्ट्रानमध्येच असतो. हे सगळं वर्षानुवर्षं मुकाट चालतं. मग मशीनवरचं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) बदलायची वेळ येते. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजांतली पुष्कळ मशीनं आता २२.०४ किंवा २४.०४ वर चालली आहेत. त्याबरोबर जीफोर्ट्रान, म्हणजे फोर्ट्रान कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर, ९ वरून थेट ११ किंवा १३ वर जातो. मधली १० ही आवृत्ती ओलांडली की जुना कोड कुरकुरायला लागतो, आणि सगळे म्हणतात, नवा कंपायलर बिघडलेला आहे.

क्वचित तो खरंच बिघडलेला असतो. बहुतेक वेळा मात्र कोडमधली जुनी चूक नव्या कंपायलरने उघडी पाडलेली असते. यातलं नेमकं काय झालं हे अंदाजाने ठरवू नका, ते तपासून कळतं. त्याचीच पद्धत इथे देतो. कंपायलरला द्यायच्या पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि सुरुवातीला आडवी रेघ.

अपग्रेडच्या आधी करायचं काम छोटं आहे, पण कुणी करत नाही. जुन्या कंपायलरने बनलेली चालती एक्झिक्युटेबल फाइल, तिचा इनपुट, तिचा आउटपुट आणि मेकफाइल (काय कसं कंपाइल करायचं ते ‘मेक’ ला सांगणारी फाइल) एका फोल्डरमध्ये ठेवा. ‘जीफोर्ट्रान डॅश व्ही’ चा आउटपुटही त्यातच ठेवा. नवं उबुंटू आल्यावर आधी ही जुनी एक्झिक्युटेबलच चालवून बघा. जीफोर्ट्रान ८ पासून पुढच्या आवृत्त्या लिबजीफोर्ट्रानची ५ क्रमांकाचीच लायब्ररी वापरतात, म्हणून ९ ने बनवलेली फाइल नव्या सिस्टिमवर सहसा चालते. (७ ला ४ क्रमांकाची लागायची, ६ आणि त्याआधी ३ क्रमांकाची. तेवढी जुनी फाइल असेल तर ती लायब्ररी वेगळी आणावी लागेल.) जुन्या एक्झिक्युटेबलनेही बदललेले आकडे दिले तर कंपायलर निर्दोष आहे. सिस्टिमची गणिती लायब्ररी बदलली असेल, नाहीतर इनपुट फाइल. एवढ्या एका चाचणीने दोन दिवसांची डोकेफोड वाचते.

जुना कंपायलर काढूनही टाकू नका. २२.०४ वर ९, १०, ११ आणि १२ शेजारी शेजारी बसतात. ‘जीफोर्ट्रान-९’ असं आवृत्तीसकट नाव देऊन पाहिजे तो चालवता येतो. गावाकडे नेट रडतखडत चालतं, तेव्हा एका मशीनवर पॅकेजेस उतरली की अ‍ॅप्टच्या आर्काइव्ह फोल्डरमधल्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्या मशीनवर तिथूनच बसवा.

आता मेक चालवताना येणाऱ्या तक्रारी. सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे ‘टाइप मिसमॅच’ किंवा ‘रँक मिसमॅच बिटवीन अ‍ॅक्च्युअल आर्ग्युमेंट’. एकाच फाइलमध्ये एकच सबरूटीन (पुन्हा पुन्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) एकदा रिअल अ‍ॅरे देऊन बोलावलं आणि दुसऱ्यांदा इंटिजर देऊन, किंवा एकदा अ‍ॅरे आणि एकदा साधा चल (एकच आकडा), तर ९ पर्यंत फार तर वॉर्निंग यायची. २०२० मध्ये आलेल्या १० पासून ही थेट एरर आहे. नियमाप्रमाणे कोड चूकच होता. एमपीआय (अनेक प्रोसेसरवर काम वाटणारी लायब्ररी) आणि जुनं नेटसीडीएफ (ग्रिड डेटाच्या फाइलींची लायब्ररी) वापरणाऱ्या कोडमध्ये ही सवय ठासून भरलेली असते, कारण तिथे एकाच सबरूटीनला कोणताही डेटा द्यायची रीत होती.

तात्पुरता उपाय म्हणजे ‘एफ-अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ हा पर्याय. त्याने एरर परत वॉर्निंग होते. पण ९ ला हा पर्याय माहीतच नाही, तो तिथेच अडतो. एकच मेकफाइल दोन्ही कंपायलरवर चालवायची असेल तर ‘एसटीडी-इक्वल-लेगसी’ द्या, ते दोघांनाही कळतं. मात्र लेगसीने इतरही बऱ्याच वॉर्निंग गप्प होतात, म्हणून ज्या दोन-चार फाइलींना लागतं त्यांनाच द्या, सगळ्या प्रोजेक्टला नको. आणि वॉर्निंग आली म्हणजे कोड बरोबर झाला असंही नाही. चार बाइटचा रिअल जिथे अपेक्षित आहे तिथे आठ बाइटचा जात असेल तर आकडे कचराच निघणार.

दुसरी तक्रार मॉड्यूल (मॉड) फाइलींची, म्हणजे कंपायलर एका सोर्स फाइलीची माहिती दुसरीला देण्यासाठी बनवतो त्यांची: ‘ही मॉड्यूल फाइल वेगळ्या आवृत्तीने बनवली आहे’ अशा अर्थाची फेटल एरर. ८ ते १४ पर्यंत मॉड फाइलींचा साचा एकच आहे. १५ ने तो बदलला. १५ जुन्या फाइली वाचतो, पण १५ ने बनवलेली फाइल १४ ला वाचता येत नाही. उपाय एकच, सगळं पुसून पुन्हा कंपाइल करणं. इथे जुन्या मेकफाइली घात करतात, कारण ‘मेक क्लीन’ मध्ये फक्त ऑब्जेक्ट फाइली (प्रत्येक सोर्स फाइलीचं कंपाइल झालेलं रूप) पुसायची आज्ञा असते, मॉड फाइली तशाच राहतात. त्या हाताने पुसा.

याचाच भाऊ म्हणजे लाइन जाणं. कंपाइल चालू असताना लाइन गेली आणि इन्व्हर्टर नसला की एखादी ऑब्जेक्ट फाइल अर्धवट किंवा शून्य बाइटची राहू शकते. तिची वेळ सोर्सपेक्षा नवी असते, म्हणून मेकला ती तयार वाटते आणि तो तिला पुन्हा हात लावत नाही. मग लिंक करताना (सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जोडताना) ‘फाइल फॉरमॅट ओळखता येत नाही’ किंवा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतं आणि दोष नव्या कंपायलरच्या माथी जातो. लाइन आल्यावर ऑब्जेक्ट आणि मॉड दोन्ही पुसून नव्याने सुरुवात करा.

ही झाली कंपाइलच न होणारी प्रकरणं. ती सोपी, कारण कंपायलर स्वतःच बोट दाखवतो. खरा त्रास सगळं नीट कंपाइल होऊन आकडे बदलतात तेव्हा.

हवामान खात्याची ०.२५ अंशाची पावसाची ग्रिड घ्या. पूर्वेला ६६.५ ते १०० अंश म्हणजे १३५ बिंदू, उत्तरेला ६.५ ते ३८.५ अंश म्हणजे १२९ बिंदू. प्रत्येक आकडा चार बाइटचा रिअल. एका दिवसाचं रेकॉर्ड १३५ × १२९ × ४ = ६९,६६० बाइट. जीफोर्ट्रानमध्ये डायरेक्ट अ‍ॅक्सेसची फाइल उघडताना रेकॉर्डची लांबी बाइटमध्ये देतात, म्हणून तिथे ६९६६० लिहिलेलं असतं. इंटेलचा कंपायलर, जुना आयफोर्ट असो की नवा आयएफएक्स, अनफॉरमॅटेड फाइलची लांबी मुळात चार बाइटच्या शब्दांत मोजतो. त्याला तीच ६९६६० दिली तर तो २,७८,६४० बाइटचं एक रेकॉर्ड धरतो. पहिलं रेकॉर्ड बरोबर वाचलं जातं, कारण सुरुवात तीच. दुसऱ्या रेकॉर्डला १ जानेवारीनंतर थेट ५ जानेवारी, तिसऱ्याला ९ जानेवारी. ९३ व्या रेकॉर्डपर्यंत फाइल संपलेली असते, आणि प्रोग्रामने एरर आली की ‘फाइल संपली’ समजून लूप सोडायचं ठरवलेलं असेल तर काहीही न बोलता वर्षाचा पाऊस सुमारे पाव निघतो. १ जानेवारीचा आकडा तपासून ‘वाचन बरोबर आहे’ म्हणणारा इथे हमखास फसतो. त्यात विदर्भात जानेवारी ते मार्च बहुतेक रकान्यांत शून्यच, त्यामुळे पुढचे दिवस चाळूनही चटकन लक्षात येत नाही.

इलाज म्हणून इंटेलला ‘अझ्यूम बाइटरेकल’ हा पर्याय द्या. त्याहून चांगलं म्हणजे कोडमध्येच ‘इन्क्वायर’ च्या ‘आयओलेंग्थ’ ने लांबी काढा. मग कोणताही कंपायलर आपलं एकक आपण वापरतो. आयफोर्ट इंटेलच्या वनएपीआय या संचाच्या २०२५ च्या आवृत्तीतून काढूनच टाकला आहे, तेव्हा इंटेलवाल्यांना आयएफएक्सवर जाणं भागच आहे. तिथे जाताना ‘एफपी-मॉडेल प्रिसाइज’ देऊन एकदा जुळवून बघा. मुळातलं सेटिंग वेगाकडे झुकलेलं असतं.

तापमानाच्या ग्रिडची गंमत वेगळी. १ अंशाच्या त्या फाइलीत माहिती नसलेल्या जागी ९९.९ असतं. कोडमध्ये ‘तापमान ९९.९ असेल तर सोडा’ अशी अट असते आणि दोन्ही बाजू चार बाइटच्या असेपर्यंत ती नीट चालते. अपग्रेड करताना कुणी अचूकता वाढेल म्हणून ‘एफ-डिफॉल्ट-रिअल-८’ (साधा रिअल आठ बाइटचा करणारा पर्याय) लावतो. आता अटीतला ९९.९ आठ बाइटचा होतो, पण ‘रिअल स्टार ४’ असं लिहून जाहीर केलेला चल चार बाइटचाच राहतो. दोन्हीकडचे ९९.९ बायनरीत वेगवेगळे, अट कधीच खरी होत नाही आणि ९९.९ सरळ सरासरीत मिसळतात. मे महिन्यात चंद्रपूर कितीही तापलं तरी आकड्यावरून संशय यायला हवा, पण कडेच्या दोन-तीनच बिंदूंत असं झालं तर सरासरी जेमतेम वाढते आणि हवामान बदलाचा परिणाम म्हणून अहवालात जाते. बरोबरीच्या अटीऐवजी ‘९९ पेक्षा जास्त’ लिहा.

उंबरठ्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. मॉडेलमध्ये तेच लिहिलेलं असतं: १ जूनपासूनची बेरीज ७५ किंवा जास्त झाली त्या दिवशी पेरणी. ग्रिडच्या चार बिंदूंवरून गावाचा पाऊस काढताना गुणाकार आणि बेरजा होतात. नव्या मशीनवर ‘मार्च-नेटिव्ह’ (त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी कंपाइल करायचा पर्याय) लावलं की गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होते, मधली एक राउंडिंग वाचते. जीसीसी (जीफोर्ट्रान ज्याचा भाग आहे तो कंपायलरसंच) ही सोय मुळातच चालू ठेवतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २०१३ च्या हॅसवेलपासून आहे. सिंगल प्रिसिजनमध्ये जेमतेम सात अंक खरे, त्यामुळे जुन्या मशीनवर ७५.००००० आलेली बेरीज नव्यावर ७४.९९९९९ येऊ शकते. फरक कागदावर काहीच नाही, पण पेरणी त्या दिवशी होत नाही. मृगाचा पाऊस पडून मग ओढ बसली असेल तर पुढचा पाऊस आठ-दहा दिवसांनी, तेव्हा कुठे मॉडेलची पऱ्हाटी पेरली जाते, आणि हंगामाच्या शेवटी उत्पादनात ठळक फरक दिसतो. २.५ मिलिमीटरच्या ‘पावसाचा दिवस’ या अटीचंही हेच.

हा कंपायलरचा बग नाही आणि कोडचाही म्हणता येत नाही. मॉडेल त्या बिंदूवर डळमळीत आहे. ओळखायची रीत सोपी: ‘एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट-इक्वल-ऑफ’ देऊन आणि ‘मार्च-नेटिव्ह’ काढून पुन्हा चालवा. जुने आकडे परत आले तर प्रकरण मिटलं. मग बेरीज डबल प्रिसिजनमध्ये करायची आणि उंबरठा ७४.९ च्या जवळ ठेवायचा, की हा डळमळीतपणा अहवालात लिहायचा, ते तुम्ही ठरवा. ‘ओ-फास्ट’ (वेगासाठी नियम सैल करणारा पर्याय) वापरणाऱ्यांनी तर आकडे जुळण्याची अपेक्षाच सोडावी. त्यात बेरजेचा क्रम बदलायची मुभा दिलेली असते. आउटपुटची तुलनाही ‘डिफ’ ने करू नका. उणे शून्य आणि शून्य, शेवटचा अंक, मोकळ्या जागा, सगळ्यावर तो ओरडतो. रकाना वाचून सापेक्ष फरक काढणारा दहा ओळींचा प्रोग्राम पुरतो.

सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीने प्रोग्राम पडणं) नव्याने येऊ लागला तर आधी स्टॅकवर, म्हणजे सबरूटीन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीवर, संशय घ्या. लीप वर्षाचा सगळा पाऊस एका स्थानिक अ‍ॅरेत ठेवला तर ६९,६६० × ३६६, म्हणजे सुमारे २५.५ मेगाबाइट. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ मेगाबाइट. साध्या कंपाइलमध्ये जीफोर्ट्रान एवढा मोठा अ‍ॅरे स्टॅकवर ठेवत नाही, स्थिर जागेत ठेवतो. पण अपग्रेडच्या निमित्ताने ‘एफ-ओपनएमपी’ (काम अनेक थ्रेडमध्ये वाटणारा पर्याय) लावलं की सगळे स्थानिक अ‍ॅरे स्टॅकवर जातात आणि सबरूटीनमध्ये शिरताक्षणीच प्रोग्राम पडतो. ‘यूलिमिट डॅश एस अनलिमिटेड’ ने तपासा. त्याने चालला तर कारण कळलं. मग तो अ‍ॅरे ‘अलोकेटेबल’ करून टाका, ते कायमचं औषध. थ्रेडमध्ये पडत असेल तर ‘ओएमपी स्टॅकसाइझ’ वेगळं वाढवावं लागतं. याच्यातच एक लपलेली भानगड आहे: स्थिर जागेतला अ‍ॅरे दोन बोलावण्यांमध्ये आपली किंमत टिकवतो, स्टॅकवरचा टिकवत नाही. जुन्या फोर्ट्रान ७७ च्या कोडमध्ये ‘सेव्ह’ न लिहिता त्यावर भरवसा ठेवलेला असतो. ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ लावल्यावर आकडे ठीक झाले तर कुठेतरी ‘सेव्ह’ राहिलं आहे असं समजा.

आता कोडची झडती. या पर्यायांनी कंपाइल करून चालवा: ‘ओ-शून्य’ (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणं, बंद), ‘जी’, ‘एफ-बॅकट्रेस’, ‘वॉल’ आणि ‘एफचेक’ ला ‘ऑल’ व ‘नो-अ‍ॅरे-टेम्प्स’ (नाहीतर तात्पुरत्या अ‍ॅरेच्या सूचनांचा पाऊस पडतो). सोबत ‘एफ-इनिट-रिअल’ ला ‘एसनॅन’ आणि ‘एफएफपीई-ट्रॅप’ ला ‘इनव्हॅलिड, झिरो, ओव्हरफ्लो’. किंमत न देता वापरलेला चल यात पुष्कळदा जिथल्या तिथे पकडला जातो. मग वेगळ्या कंपाइलमध्ये ‘सॅनिटाइझ’ चे ‘अ‍ॅड्रेस’ आणि ‘अनडिफाइन्ड’. सीमा-तपासणीवर मात्र आंधळा विश्वास नको. यवतमाळजवळचा २०.५ उत्तर, ७८ पूर्व हा बिंदू ग्रिडमध्ये (४७, ५७) वर येतो. कुणी उलटं (५७, ४७) लिहिलं तर तेही सीमेच्या आतच आहे, तपासणी चूं करत नाही आणि यवतमाळच्या नावावर तेलंगणातला पाऊस जमा होतो.

तीन जुन्या सवयी तपासणीत सापडत नाहीत, त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. एक, एकच अ‍ॅरे दोन आर्ग्युमेंट म्हणून देणं आणि आत त्यातल्या एकात लिहिणं. फोर्ट्रानला हे मान्य नाही, ऑप्टिमायझर दोन्ही वेगळे आहेत असंच धरून चालतो. दोन, सबरूटीनला ५ असा थेट आकडा देणं आणि आत त्याची किंमत बदलणं. तीन, अ‍ॅरेची लांबी १ लिहून प्रत्यक्षात हजार घटक वापरणं, विशेषतः कॉमन ब्लॉकच्या (अनेक सबरूटीनांच्या सामायिक मेमरीच्या) शेवटी. तिसऱ्या सवयीने मोठमोठे लोक अडचणीत आले आहेत. २०१३ च्या जीसीसी ४.८ मध्ये लूपच्या फेऱ्यांचा अंदाज अ‍ॅरेच्या जाहीर लांबीवरून काढायला सुरुवात झाली आणि स्पेक २००६ या प्रसिद्ध चाचणीसंचातला गेमेस हा रसायनशास्त्राचा प्रोग्राम बिघडला. त्यासाठी ‘एफ-नो-अ‍ॅग्रेसिव्ह-लूप-ऑप्टिमायझेशन्स’ हा पर्याय आहे, आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘एफ-अनकन्स्ट्रेन्ड-कॉमन्स’.

सी मधून फोर्ट्रान बोलावणाऱ्यांसाठी आणखी एक. कॅरेक्टर आर्ग्युमेंट दिलं की त्याची लांबी शेवटी गुपचूप जाते. ८ पासून ती आठ बाइटची झाली. सी च्या बाजूने ती चार बाइटची दिली किंवा दिलीच नाही तरी बरीच वर्षं निभावून जातं. २०१९ मध्ये आर ही संख्याशास्त्राची भाषा आणि लॅपॅक ही गणिती लायब्ररी यांच्या बाबतीत ते निभावलं नाही, आणि जीफोर्ट्रानमध्ये ‘टेल-कॉल-वर्कअराउंड’ घालावा लागला.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, ‘ओ-शून्य’ ला आकडे बरोबर आणि ‘ओ-२’ ला चूक येत असतील, तर मग कंपायलरवर संशय घ्यायला हरकत नाही. दोषी फाइल शोधायला दोन फोल्डर करा, एकात सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या कंपायलरच्या, दुसऱ्यात नव्याच्या. अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या घेऊन नव्या कंपायलरने लिंक करा. चूक आली तर दोषी फाइल नव्या अर्ध्यात आहे, त्याचे पुन्हा दोन भाग करा. ३०० फाइली असल्या तरी नऊ फेऱ्यांत एक फाइल हाती लागते. दोन्ही कंपायलर ८ ते १४ मधले हवेत, म्हणजे मॉड फाइली जुळतात. सापडलेल्या फाइलीतली सबरूटीनं वेगळ्या फाइलींत काढून तोच खेळ पुन्हा. मग त्या एका सबरूटीनवर ‘एफ-नो-ट्री-व्हेक्टराइझ’, ‘एफ-नो-इनलाइन’, ‘एफ-नो-फ्रंटएंड-ऑप्टिमाइझ’ एकेक करून लावा. १२ पासून ‘ओ-२’ मध्येच व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम) चालू झालं आहे, म्हणून पहिला मान त्याला.

क्लास आणि ‘फायनल’ (वस्तू नष्ट होताना आपोआप बोलावलं जाणारं सबरूटीन) वापरणारा नवा कोड असेल तर १३ कडे लक्ष द्या. तिथे फायनलायझेशनवर मोठं काम झालं. आधी न बोलावली जाणारी ‘फायनल’ सबरूटीनं बोलावली जाऊ लागली, आणि तीच मेमरी हाताने सोडणारा कोड दोनदा सोडू लागला.

‘इंटर्नल कंपायलर एरर’ आली तर वाद नाही, कोड चुकीचा असला तरी कंपायलरने कोसळायला नको. जीसीसीच्या बगझिलामध्ये (बग नोंदवायच्या साइटवर) आधी शोधा, बहुधा कुणीतरी नोंदवलेलं असतं. नसेल तर तीस-चाळीस ओळींत येईल एवढा लहान नमुना करा, इनपुट फाइलीशिवाय चालणारा, आणि आवृत्ती व पर्याय पूर्ण लिहा. कोणत्या आवृत्तीपर्यंत ठीक होतं हे सांगितलं की शीर्षकात रिग्रेशनची (पूर्वी चालायचं, आता बिघडलं याची) खूण लागते. पण फोर्ट्रानची रिग्रेशन्स साधारण पी-४ या खालच्या प्राधान्याला जातात. त्यांच्यासाठी नवी आवृत्ती थांबत नाही, आणि या बाजूचे बरेचसे लोक स्वयंसेवक आहेत. तोपर्यंत ती एक फाइल ‘ओ-१’ ने कंपाइल करायचा नियम मेकफाइलमध्ये घाला, बग क्रमांक त्याच ओळीवर कॉमेंटमध्ये लिहा, आणि पुढची आवृत्ती आली की तो नियम काढून एकदा चालवून बघा.